इंग्रजी रकान्यात अडकलेला माळ: माझा अनुभव

बालाघाटच्या डोंगरातील आमच्या माळावर बांधबंदिस्ती करून फळझाडे लावण्यासाठी मी एका संस्थेकडे अर्ज केला होता. सातबारा, आठ-अ आणि नकाशा सहज मिळाले. अर्ज अडला तो ‘जमिनीचा प्रकार’ या इंग्रजी रकान्यापाशी.

माळावर झाड दिसत नाही म्हणून तेथील लिपिकांनी ‘बॅरन’ (नापीक) लिहिले आणि छाननीतून अर्ज ‘लागवडीस अयोग्य’ असा शेरा घेऊन परत आला. दुरुस्ती मागितली की ‘पडीक म्हणजे बॅरनच’ एवढेच उत्तर मिळे आणि पुढच्या आठवड्यात या, असे सांगितले जाई. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण सरकारी आकडेवारीत जमीनवापराचे जे नऊ प्रकार धरतात, त्यांत या शब्दांचे अर्थ नेमके ठरलेले आहेत. ‘बॅरन अँड अनकल्चरेबल’ म्हणजे डोंगर, वाळवंट यांसारखी, भरमसाट खर्चाशिवाय लागवडीखाली न येणारी जमीन. केवळ चालू वर्षी पेरली नाही ती ‘करंट फॅलो’. त्याहून अधिक, पण पाच वर्षांपर्यंत पडून राहिलेली ‘अदर फॅलो’. आणि पाच किंवा अधिक वर्षे सलग न कसलेली, तरी कसण्याजोगी ती ‘कल्चरेबल वेस्ट’. वडील थकल्यापासून, म्हणजे पाच किंवा अधिक वर्षे, आमचा माळ पेरलाच नव्हता, म्हणून त्याला शेवटचेच नाव लागू होते. ‘डिन्यूडेड’ हा शब्दही कोणी सुचवला. पण तो चराई, तोड आणि धूप यांनी उघडी पडलेली जमीन सांगतो, ती कसता येते की नाही हे सांगत नाही. ‘एरिड’ (शुष्क) तर मुळात हवामानाचा शब्द आहे. ज्या मुरमाड माळांवर सीताफळ आपसूक उगवते आणि ज्या बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या माळांना सरसकट नापीक ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

अखेर या व्याख्या टंकलिखित करून, मागील वर्षांच्या गाव नमुना बाराच्या (पीक नोंदवहीच्या) उताऱ्यांसह मी वरिष्ठांपुढे ठेवल्या, तेव्हा त्यांनी रकाना तिथल्या तिथे बदलला. हे उतारे आधीच काढून ठेवावेत आणि दिलेल्या कागदांची पोच त्याच दिवशी घ्यावी. सातबारावर पोटखराब (लागवडीस अयोग्य) क्षेत्र असल्यास ते अर्जात वेगळे दाखवावे, नाहीतर सगळाच गट खडकाळ समजला जातो. जमिनीची छायाचित्रे मात्र पावसाळा संपताना, गवत उभे असतानाच काढावीत. आमच्या अर्जाला उन्हाळ्यातली जोडलेली होती, आणि लिपिकांनी प्रत्येक वेळी बोट ठेवले ते त्यांच्यावरच.