कशेळीच्या सड्यावरून भूस्थिर उपग्रहांचं ग्रहण

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कोकणात असाल आणि अमावास्या जवळ असेल, तर एक रात्र भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांसाठी राखून ठेवा. 2024 ला अमावास्या 10 मार्चला होती. 11 तारखेच्या रात्री आम्ही दोघं मित्र राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, हे बघायला बसलो होतो. तिथे काय दिसलं आणि जाणाऱ्यांनी काय सांभाळावं, ते लिहितो.

आधी तारखेचं, कारण सगळं तिच्यावर आहे. विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर असलेले हे उपग्रह फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत रोज रात्री पृथ्वीच्या सावलीत शिरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच. सावली बघायची तर यातली कुठलीही रात्र चालते, पण चकाकी, म्हणजे पंखांवरून परतलेल्या उन्हाने उपग्रह थोडा वेळ खूप उजळणं, बघायची तर 21 मार्चचा विषुवदिन धरून जाऊ नका. उपग्रहाचे सौरपंख उत्तर-दक्षिण पसरलेले असतात आणि सूर्याच्या मागे फिरतात. सूर्य विषुववृत्ताच्या जितका दक्षिणेला, तितकं पंखांवरून परतणारं ऊन उत्तरेला जातं. कोकण 17 अंश उत्तरेला आहे. उपग्रहावरून पाहिलं तर आपण पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे 3 अंश वर दिसतो. म्हणजे सूर्य 3 अंश दक्षिणेला असेल तेव्हा ते ऊन आपल्याकडे येतं, आणि ती वेळ 12-13 मार्चची. युरोपातले निरीक्षक मार्चचे पहिले दिवस सांगतात ते त्यांच्यासाठी बरोबर आहे, आपल्यासाठी नाही.

रत्नागिरीपर्यंत कोकण रेल्वे, पुढे पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळी. कनकादित्याचं दर्शन घेतलं आणि ऊन उतरल्यावर सड्यावर गेलो. किनाऱ्यापेक्षा सडा कितीतरी चांगला. वाळूत ट्रायपॉड खचतो, खारं वारं थेट काचेवर बसतं, आणि माडांनी निम्मं आकाश झाकलेलं असतं. सड्यावर कातळ पक्का आणि क्षितिज चारी बाजूंनी मोकळं. मात्र याच परिसरात कातळशिल्पं आहेत, कशेळीचा तो भलामोठा हत्तीसुद्धा. अंधारात त्यांच्यावर पाय पडणार नाही, ट्रायपॉड रोवला जाणार नाही अशी जागा उजेडातच बघून ठेवा.

तेव्हाच आणखी एक करा. अंधार पडला की मृगाचा बाण, म्हणजे ते ओळीतले तीन तारे, पश्चिमेकडे कुठल्या वाटेने उतरतात ते बघा. भूस्थिर उपग्रहांची रांग त्या वाटेच्या जेमतेम दोन अंश दक्षिणेला आहे. तारे सरकत राहतात, उपग्रह मात्र आपल्या जागेवरून हलत नाहीत. म्हणून इथे तारे पाठलाग करणारी यंत्रणा लागत नाही, आणि नवख्या माणसाने इथून सुरुवात करावी असं मला वाटतं. साध्या ट्रायपॉडवर कॅमेरा, 85 मिलिमीटरची लेन्स, 30 सेकंदांचं एक्स्पोजर. फोटोत तारे रेघा होतात, उपग्रह ठिपके राहतात. एखादा ठिपका उत्तर-दक्षिण सरकलेला दिसला, तर तो बहुधा इंधन संपलेला, कक्षा कललेला जुना उपग्रह. डोळ्यांनी बघायला 10×50 ची दुर्बीण, तीही ट्रायपॉडवर. हातात धरून हे दिसत नाही.

आमचे यजमान काका आमच्याबरोबर आले होते. त्यांच्या घरावर फ्री डिशची छत्री आहे. ती ज्याच्याकडे तोंड करून आहे तो जीसॅट-15, 93.5 अंश पूर्व रेखांशावर, आपल्याकडून आग्नेयेला साधारण 60 अंश उंचीवर. (छत्रीवरून दिशा घ्या, उंची घेऊ नका. ती असते त्यापेक्षा खाली बघत असल्यासारखी वाटते.) पावणेअकराला तो दुर्बिणीत सहज दिसत होता. एरवी या उपग्रहांची प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितकं मंद) दहा-अकराच्या पुढे असते. मग 10:54 च्या सुमारास तो मंद व्हायला लागला, किंचित तांबूस झाला, आणि दोन-अडीच मिनिटांत दिसेनासा झाला. काकांनी विचारलं, "म्हणजे आता आमचा टीव्ही बंद पडणार काय?" घरी फोन लावला. काकूंनी सांगितलं, मालिका चालू आहे. सावलीतला तासभर उपग्रह बॅटरीवर चालतो, आणि त्या बॅटऱ्या मुख्यतः याच रात्रींसाठी दिलेल्या असतात. हे ऐकल्यावर काका उठायला तयार नव्हते.

खरी मजा 83 अंशांवर. जीसॅट-10, जीसॅट-24, जीसॅट-30 तिथे एकमेकांना लागून आहेत, आपल्याकडून दक्षिण-आग्नेयेला 67 अंश उंच. सव्वाअकरापासून त्यातला एक उजळत गेला. शेवटी दुर्बीण बाजूला ठेवून, नजर थोडी तिरकी केल्यावर, नुसत्या डोळ्यांनी तिथे एक तारा दिसत होता, जो नकाशात नाही. 36 हजार किलोमीटरवरच्या काही मीटरच्या पंखाचं ते ऊन होतं. 11:35 ला तो विझायला लागला, शेजारचे त्याच्या मागोमाग.

बरेच जण इथे सामान आवरतात. आवरू नका. काही उपग्रह सावलीतून बाहेर आल्यावरच जास्त चमकतात. बाहेर येण्याची जागा शोधणं सोपं आहे, कारण सावली ताऱ्यांबरोबर चालते. उत्तरा फाल्गुनीचा ठळक तारा आणि खालचा हस्त यांच्या मधोमध जे आकाश आहे, ते ज्या उपग्रहावर येतं तो उजळतो. तिथून पश्चिमेला, हात लांब करून धरलेल्या मुठीने मोजलं तर दीड मूठ, सिंहेच्या मागच्या पायांखाली, ते आत शिरतात. पूर्वेचे आधी, पश्चिमेचे नंतर, रेखांशाच्या प्रत्येक अंशाला 4 मिनिटं. 83 अंशांवरचे 12:40 ला परत आले. 74 अंशांवरचे आपल्या जवळजवळ थेट दक्षिणेला, 70 अंश उंच आहेत, त्यांची पाळी 12:12 ते 1:16. कुठला ठिपका कोणता, हे स्टेलेरियममधल्या उपग्रहांच्या प्लगइनवरून घरीच काढून न्या. कक्षेची माहिती मात्र त्याच आठवड्याची भरा.

आता सांभाळायच्या गोष्टी. सड्यावर फुरसं असतं. पायात बूट हवेत, खाली बसण्याआधी बॅटरी मारा, दगडाखाली हात घालू नका. मध्यरात्रीनंतर दंव पडतं. लेन्सला गरम पट्टा नसेल तर दर थोड्या वेळाने काच तपासा, आणि सकाळी सगळ्या सामानावरचं खारं पुसून काढा. मार्चमध्ये भाजावळीचा धूर असतो, तेव्हा वाऱ्याची दिशा गावात विचारून जागा ठरवा. किनारपट्टीवर रात्री ट्रायपॉड लावून बसलेली माणसं दिसली की विचारणा होतेच, आणि ती व्हायलाही हवी. संध्याकाळीच पोलीस पाटलांना सांगून ठेवा. जेवण यजमानांकडेच सांगा, रात्री काही मिळत नाही.

शरदातली चकाकीची तारीख 1 ऑक्टोबरच्या आसपास येते, पण तेव्हा कोकणातल्या ढगांचा भरवसा नाही. पौर्णिमेजवळ तर जाऊच नका, कारण चंद्र नेमका सावलीच्याच बाजूला असतो. 2027 ला अमावास्या 8 मार्चला आहे. 9 ते 12 मार्चच्या रात्री चंद्रकोर वेळेत मावळलेली असेल.