ऑस्ट्रियात अमेरिकन फुटबॉल बघायचा तर दोन तास आधी पोहोचा

व्हिएन्नाच्या शॉटेनटोर स्थानकावरून 37 नंबरची ट्राम पकडायची आणि शेवटच्या थांब्यावर, होहे वार्टेला, उतरायचं. मेट्रोने यायचं असेल तर यू-4 ने हायलिगेनश्टाटपर्यंत या आणि तिथून चढ चढत चाला. इथलं स्टेडियम 1921 सालचं. 1923 मध्ये ऑस्ट्रिया-इटली सॉकर सामन्याला इथे सुमारे 85 हजार माणसं जमली होती. एका बाजूला आजही गवताचा उंच उतार आहे. व्हिएन्ना व्हायकिंग्ज हा अमेरिकन फुटबॉलचा संघ बरीच वर्षं याच मैदानावर खेळला.

लोकसंख्या जेमतेम 90 लाख, त्यात सॉकर आणि स्कीइंगचं वेड. अशा देशात या खेळाची राष्ट्रीय लीग 1980 च्या दशकापासून टिकून आहे, याचं मला मनापासून कौतुक आहे. ती कशी टिकली हे सामन्यापेक्षा सामन्याआधीच्या तयारीत जास्त दिसतं, म्हणून लवकर जायचं.

मैदान सॉकरचं, साधारण 105 बाय 68 मीटर. अमेरिकन फुटबॉलला दोन्ही एंड झोन (टोकांचे, गुण मिळवायचे पट्टे) धरून 120 यार्ड, म्हणजे 109.73 मीटर लांबी लागते. प्रत्येक टोकाला सुमारे 2.4 मीटर कमी पडतात. सॉकरचे गोल उचलून बाजूला ठेवावे लागतात आणि एंड झोनची मागची रेघ सॉकरच्या हद्दीबाहेर जाते. तिथे धावपट्टीची कडा किंवा जाहिरातीचे फलक असतील, तर झेल घेत मागे धावणारा खेळाडू थेट त्यांच्यावर आदळतो. म्हणून फलक मागे सरकवलेत का आणि या खेळाच्या गोलखांबांना जाड गाद्या गुंडाळल्यात का, हे पंच आधी पाहून घेतात. रुंदीची मात्र चिंता नाही. 48.77 मीटरच लागतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना साडेनऊ मीटर मोकळे राहतात आणि राखीव खेळाडू तिथे उभे असतात.

रेघा मारणं हे खरं कौशल्याचं काम. दर 5 यार्डांना एक, म्हणजे दोन्ही गोल लाइन (एंड झोन जिथे सुरू होतो त्या रेघा) धरून 21 आडव्या रेघा. नवखी माणसं एका रेघेपासून पुढची मोजत जातात आणि तिथेच फसतात. दर वेळी एक सेंटिमीटर चुकला तरी शंभराव्या यार्डाला 20 सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि या खेळात तेवढ्यावर सामना फिरतो. योग्य पद्धत अशी: टेप एकाच गोल लाइनला पक्की करायची आणि सगळी अंतरं तिथूनच मोजायची. मग दोन्ही गोल लाइनींमधल्या चौकोनाचे दोन्ही कर्ण ताणून बघायचे. दोन्ही 103.63 मीटर आले तरच चौकोन काटकोनात आहे. रंग पाण्याने निघणारा वापरतात, कारण पुढच्या सामन्यासाठी सॉकर क्लबला मैदान स्वच्छ हवं असतं. पाऊस आला की तोच रंग ओघळतो आणि दुसऱ्या हाफमध्ये रेघा शोधाव्या लागतात.

बसायला जागा निवडताना साखळीवाल्यांची बाजू निवडा. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं असतं, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या निम्म्याहून थोडं कमी. ते मोजायला दोन काठ्यांमध्ये 10 यार्डांची साखळी असते. ती धरणारी माणसं यजमान संघाने उभी करायची असतात, आणि इथे ती बहुतेक क्लबचीच असतात. त्यांच्या हातातल्या छोट्या क्लिपकडे लक्ष ठेवा. साखळी ज्या 5 यार्डांच्या रेघेवरून जाते, तिथे ती क्लिप लावतात. मोजणीसाठी साखळी मैदानात नेली की क्लिप त्याच रेघेवर ठेवतात, त्यामुळे काठी मूळ जागी उभी राहते. क्लिप लावायची राहिली तर मोजणीला अर्थच उरत नाही.

नियम अमेरिकी कॉलेज फुटबॉलवर बेतलेले आहेत. टीव्हीवर एनएफएल, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, बघणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो: झेल घेताना एकच पाय हद्दीत टेकला तरी पुरतो, आणि चेंडू घेतलेल्या खेळाडूचा गुडघा कुणीही न पाडता टेकला तरी चाल संपते. वीज चमकली तर खेळ थांबतो आणि शेवटच्या विजेनंतर 30 मिनिटं कुणी मैदानात येत नाही. जून-जुलैत दुपारची वादळं नेहमीची, त्यामुळे परतीचं तिकीट ठरावीक गाडीचं काढू नका.

मैदानावर एका वेळी किती अमेरिकी खेळाडू असावेत यावर मर्यादा असते. बहुतेक संघ त्यातली एक जागा क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्यावर, खर्च करतात. तो जखमी झाला की चांगल्या संघाचाही हंगाम कोलमडतो, कारण स्थानिक पोरांना त्या जागी खेळायला फारसं मिळालेलंच नसतं. माझ्या मते ही या लीगची सगळ्यात मोठी उणीव आहे. बाकीच्या जागांवर मात्र घरचेच खेळाडू तयार झाले. व्हायकिंग्जच्या युवा संघात रिसीव्हर (झेल घेणारा) असलेला बर्नहार्ड रायमान पुढे अमेरिकेत लाइनमन (पुढच्या फळीत प्रतिस्पर्ध्याला अडवणारा) झाला आणि 2022 मध्ये एनएफएलच्या इंडियानापोलिस कोल्ट्स संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत तिसऱ्या फेरीत निवडलं. 2014 च्या युरोपीय स्पर्धेत, व्हिएन्नातच, सुमारे 27 हजार प्रेक्षकांसमोर ऑस्ट्रियाने अंतिम सामना जर्मनीशी दुसऱ्या जादा डावापर्यंत लढवला आणि 30-27 असा गमावला.

हंगाम वसंतात सुरू होऊन जुलैच्या अखेरीस संपतो. अंतिम सामना, ऑस्ट्रियन बोल, अनेकदा झांक्ट पोल्टनला झाला आहे. व्हिएन्नाहून वेगवान गाडीने अर्धा तास. ग्राझ जायंट्सचा सामना बघायचा तर रेल्वेने अडीच-पावणेतीन तास धरा. 1981 मध्ये स्थापन झालेला हा संघ देशातल्या सगळ्यात जुन्या संघांपैकी आहे. रेडर्स या संघाच्या इन्सब्रुकला सव्वाचार तास लागतात, तिथे मुक्काम केलेलाच बरा.

सामना रविवारी असेल तर फळं, ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवा, कारण रविवारी दुकानं बंद असतात. स्टेडियमच्या टपऱ्यांवर बहुतेक सॉसेजच मिळतात. शाकाहारी माणसाने लांगोश मागावा: तळलेली जाड पोळी, वर लसणाचं पाणी. हॅम नको, हे मात्र आधी सांगा. ग्लासची अनामत घेतात, तेव्हा रिकामा ग्लास परत द्यायला विसरू नका.