‘टेक’ला स्पॅनिश शब्द शोधताना आधी मराठी वाक्य करा

इंग्रजी-स्पॅनिश कोशात ‘टेक’ उघडला की सगळ्यात वर ‘तोमार’ दिसतो. नवशिके तोच उचलतात आणि मग फोटो, परीक्षा, बूट, वेळ, मुलाला शाळेत सोडणं, सगळीकडे चिकटवतात. कोशातला पहिला शब्द म्हणजे उत्तर नव्हे. खरं तर मराठी माणसाला या कामात कोशाआधी एक फुकटचं हत्यार आहे. ते इंग्रजी वाक्य आधी मराठीत म्हणून बघायचं. इंग्रजीत एकच असलेलं क्रियापद मराठीत लगेच फुटतं: औषध घेतो, बस पकडतो, फोटो काढतो, डबा नेतो, दोन तास लागतात. स्पॅनिशही बरंचसं याच रेघांवर फुटतं.

घेणे म्हणजे तोमार. गोळी, कॉफी, निर्णय, सगळ्याला चालतो. फक्त लॅटिन अमेरिकेत कोणी नुसतंच ‘तोमास?’ असं विचारलं, तर प्रश्न बहुधा दारूचा असतो, आपल्याकडच्या ‘घेतोस का?’सारखाच.

बस पकडायला स्पेनमध्ये सर्रास ‘कोहेर’ म्हणतात. तेच क्रियापद मेक्सिको, अर्जेंटिना आणि आणखी काही देशांत संभोगासाठीचा अश्लील शब्द आहे. कुठल्या देशातला माणूस वाचणार हे माहीत नसेल तर ‘तोमार एल आउतोबुस’ लिहावं, ते सगळीकडे चालतं.

सगळ्यात गमतीचं ‘काढणे’. साकार म्हणजे आत असलेलं बाहेर आणणं. खिशातून पाकीट, बँकेतून पैसे, दाढ, नाटकाची तिकिटं, फोटो, या सगळ्याला मराठीत काढणे आणि स्पॅनिशमध्ये साकार. ‘साकार उना फोतो’ हा प्रयोग पाठ करण्याची मराठी माणसाला गरजच नाही. (स्पेनमध्ये ‘आसेर उना फोतो’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘तोमार उना फोतो’ही ऐकू येतं.) पण इथेच मराठी दगाही देते. बूट, चष्मा, कपड्यावरचा डाग हेही आपण काढतोच, तिथे मात्र प्रमाण शब्द ‘कितार’. आतून बाहेर आलं तर साकार, वरून किंवा अंगावरून गेलं तर कितार, ही खूण बहुतेक वेळा पुरते. अर्जेंटिनात बुटांनाही साकार लावतात, म्हणून तो ऐकला की चूक धरू नये. स्वतःचे बूट असतील तर ‘कितार्से लोस सापातोस’: ‘से’ हवं, आणि ‘माझे’ न म्हणता नुसतं उपपद. चित्र काढण्याचा या दोघांशी संबंध नाही, ते ‘दिबुहार’.

परीक्षेचं उदाहरण तर खास आपल्यासाठीच घडवल्यासारखं आहे. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. मराठीत विद्यार्थी देतो, बाई घेतात. चिली, पेरू, अर्जेंटिना या भागांत ‘दार उन एक्सामेन’ म्हणतात, आणि दार म्हणजे देणे. अर्जेंटिनात ‘ला प्रोफेसोरा नोस तोमो एक्सामेन’ म्हणजे बाईंनी आमची परीक्षा घेतली. तिथे इंग्रजीवरून विद्यार्थ्यालाच तोमार लावला तर देणारा-घेणारा उलटतात. स्पेनमध्ये विद्यार्थ्यासाठी ‘आसेर’, मेक्सिकोत ‘प्रेसेन्तार’.

वेळ लागण्याला दोन रस्ते आहेत आणि चूक नेमकी दोन्हींच्या मध्ये होते. पहिलं क्रियापद ‘येबार’: ‘मे येबो दोस ओरास’ची बांधणी थेट ‘मला दोन तास लागले’ची आहे, ‘मे’ म्हणजे मला. दुसरं क्रियापद ‘तार्दार’. त्यात माणूस कर्ता असतो: ‘तार्दे दोस ओरास एन लेएर एल लिब्रो’, म्हणजे पुस्तक वाचायला मी दोन तास लावले. मराठी सवयीने तार्दारलाही ‘मला’ जोडून ‘मे तार्दो’ केलं की वाक्य बिघडतं. शिवाय तार्दारनंतर क्रियापद आलं तर मध्ये ‘एन’ लागतो.

शब्द हाती आला की तो उलटा तपासायचा. स्पॅनिश अकादमीचा कोश इंटरनेटवर मोफत आहे, त्याची तेविसावी आवृत्ती 2014 साली निघाली. आपल्या उच्चारावरून शोधलं तर शब्द सापडणार नाहीत: येबारच्या सुरुवातीला दोन एल, कितारच्या सुरुवातीला क्यू आणि यू, कोहेरमध्ये जी, आसेरच्या आधी न उच्चारलेला एच. अर्थ वाचण्याआधी अर्थाच्या तोंडाशी असलेली संक्षिप्त अक्षरं वाचा. सकर्मक की अकर्मक, बोलीतला की अश्लील, कुठल्या देशांतला, हे तिथेच लिहिलेलं असतं. कोहेरच्या नोंदीत खाली कुठेतरी देशांची एक रांग आहे, ती न वाचल्यानेच फजिती होते. त्यानंतर क्रियापद आणि नाम एकत्र, अवतरणचिन्हांत घालून शोधा, आणि शोध एका देशाच्या संकेतस्थळांपुरता ठेवा. मेक्सिकोच्या वर्तमानपत्रांत जोडी वारंवार दिसली तर ती मेक्सिकोपुरती खरी, स्पेनसाठी पुन्हा शोध.

उरलं नेणे, तेही येबारच. माणसाला नेत असाल तर मध्ये ‘आ’ हवा: ‘येबो आ मि इहो आल कोलेहियो’, मुलाला शाळेत नेतो. इथे मराठीवर विसंबू नये असा एक कोपरा आहे. स्पॅनिशमध्ये नेणे-आणणे फक्त बोलणारा कुठे उभा आहे यावर ठरतं. फोनवर आपण यजमानाला ‘केक मी आणतो’ म्हणतो, कारण त्याच्या घरून विचार करतो. स्पॅनिश माणूस स्वतःच्या घरातून बोलत असतो, म्हणून ‘यो येबो एल पास्तेल’. ‘त्राएर’ (आणणे) म्हणायचं ते केक बोलणारा उभा आहे त्याच जागी येणार असेल तरच. याच कारणाने दारावरून कोणी हाक मारली की आपण ‘आलो, आलो’ ओरडतो, आणि ते ‘या बोय’, म्हणजे शब्दशः ‘जातोच’.