नट-बोल्टचा हिशेब

उंच इमारतीचं कौतुक माणूस मान वर करून करतो. न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरचं एके काळचं सिटीकॉर्प सेंटर मात्र पायापासून बघावं. सिटीबँकेचं मुख्यालय म्हणून १९७७ साली बांधलेली ही ५९ मजली, ९१५ फुटी इमारत नऊ मजल्यांएवढ्या उंच खांबांवर उभी आहे, आणि हे खांब कोपऱ्यांत नाहीत, चारही बाजूंच्या मधोमध आहेत. एका कोपऱ्यावर सेंट पीटर्स चर्च होतं. त्यांनी जागा विकली, पण अट घातली: त्याच कोपऱ्यावर नवं चर्च बांधून द्या आणि तुमचा एकही खांब त्यातून जाता कामा नये. अडला हरी! बँकेने मानलं.

मग भार मधल्या खांबांवर आणायचा कसा? अभियंता विल्यम लेमेझर यांनी दर आठ मजल्यांना भल्यामोठ्या तिरक्या पोलादी तुळया घातल्या. त्यांचे सांधे मुळात वेल्डिंगचे होते. खर्च वाचावा म्हणून पुढे बोल्ट आले. त्यात वावगं काही नव्हतं, सगळीकडे तेच चालतं.

गोची होती ती वजाबाकीत. वारा तुळई ताणतो, तर इमारतीचं वजन तिला दाबून धरतं. बोल्टला पेलायचा असतो तो फक्त या दोन्हींतला फरक. समजा वाऱ्याची ओढ ४ आणि वजनाचा दाब ३, तर बोल्टच्या वाट्याला १. वारा समोरून न येता कोपऱ्यावर तिरका आदळला, तर काही तुळयांतली ओढ ४० टक्क्यांनी वाढते, असं लेमेझर यांच्या १९७८ च्या फेरहिशेबात निघालं. म्हणजे ४ चे ५.६ झाले. दाब तेवढाच, ३. बोल्टवर आता २.६, म्हणजे १६० टक्के वाढ! ओढ दीडपटही झाली नाही आणि सांध्यावरचा ताण अडीचपटीच्या वर गेला. मोठ्या वादळात सांधे तुटले, तर इमारतच कोसळण्याची भीती.

माथ्यावर झोके कमी करणारा ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा होता, तेलाच्या पातळ थरावर सरकणारा. पण तो चालायचा विजेवर, आणि वादळात आधी जाते ती वीजच.

उपाय अगदी साधा निघाला. दोनशेच्या वर सांध्यांवर दोन इंच जाडीच्या पोलादी पट्ट्या वेल्ड करायच्या. संध्याकाळी ऑफिसं सुटली की सुतार सांध्याभोवती प्लायवुडची खोली उभी करायचे, रात्रभर वेल्डर राबायचे, सकाळी माणसं येण्याआधी साफसफाई. सप्टेंबरात ‘एला’ चक्रीवादळ किनाऱ्याच्या दिशेने आलं आणि नशिबाने समुद्राकडे वळलं. शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्रांचा तेव्हा संप होता, त्यामुळे बातमी फुटली नाही. सगळा प्रकार छापून आला तो थेट १९९५ मध्ये.

चूक कळताच लेमेझर यांनी ती स्वतःहून मालकांना सांगितली, याचं कौतुक खूप होतं. ते योग्यच आहे. पण त्या मजल्यांवर रोज काम करणाऱ्यांना आणि आसपास राहणाऱ्यांनाही खरं सांगायला हवं होतं. वादळ आलं तर लोकांची सुटका करायची योजना तयार होती, फक्त ज्यांची सुटका व्हायची त्यांनाच तिचा पत्ता नव्हता.