बचत गटाच्या वहीतली सही

अमळनेर तालुक्यातल्या एका गावाहून मुलगा आणि सून ६१ वर्षांच्या आक्कांना दवाखान्यात घेऊन आले. सुनेने सांगितलं, "आई बोलतच नाहीत. नातू मांडीवर दिला तर नुसत्या धरून बसतात." तीन-चार महिन्यांत हे वाढत गेलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी दुसरीकडे डिप्रेशनचं निदान होऊन एस्सिटालोप्राम १० मिग्रॅ सुरू झालं होतं. फरक नव्हता. आक्का स्वतः एकच वाक्य बोलल्या, तेही इतक्या बारीक आवाजात की खुर्ची पुढे ओढावी लागली : "माले कसामाच गोडी वाटत नही."

घरात चालू असलेली सगळी औषधं टेबलावर मांडायला सांगितली. मधुमेहाची मेटफॉर्मिन, बीपीची ॲम्लोडिपिन, नवी एस्सिटालोप्राम. बस, एवढंच. "जळजळीसाठी काही?" असं वेगळं विचारल्यावर मुलाने खिशातून अर्धी स्ट्रिप काढली. "ही तर पित्ताची गोळी, सकाळी अनशापोटी घेते ती." रोजच्या पित्ताच्या गोळीला औषध म्हणून कोणी मोजत नाही, म्हणून ती नेहमी नाव घेऊन विचारावी लागते.

स्ट्रिपच्या मागे दोन नावं होती : रॅबेप्राझोल २० मिग्रॅ आणि लेव्होसल्पिराइड ७५ मिग्रॅ. पहिलं जठरातलं आम्ल कमी करतं. दुसरं जठर लवकर रिकामं व्हावं म्हणून घातलेलं असतं, आणि हे काम ते डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाची वाट अडवून करतं. अडचण अशी की ते पोटापुरतं थांबत नाही, मेंदूतही पोचतं. तिथे डोपामिनवर हालचाल चालते, आणि एखाद्या गोष्टीची ओढ वाटणंही. याच कामासाठी देतात त्या मेटोक्लोप्रामाइडचंही तसंच. अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकात नैराश्याची सूचना आहे, आणि तोंडा-जिभेच्या अनैच्छिक हालचालींमुळे १२ आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नये असा चौकटीतला इशारा २००९ पासून आहे. याच कामाचं तिसरं औषध, डोम्पेरिडोन, मेंदूत फारसं शिरत नाही. त्याचे धोके वेगळे, मुख्यतः हृदयाच्या ठोक्यांचे. अशी औषधं आपल्याकडे पित्ताच्या गोळीत जोडून मिळतात, म्हणून अधिक चिन्हानंतरचं नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ही कॅप्सूल १४ दिवसांसाठीच होती. पुढे रिकामी स्ट्रिप दाखवून ती सात महिने आणली गेली. डाव्या कडेची उभी लाल रेघ चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगते, पण ते घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

तपासणीत आक्कांच्या पापण्या फार कमी लवत होत्या. दारापासून खुर्चीपर्यंत चालताना दोन्ही हात अंगालगत राहिले, पावलं आखूड. मनगट फिरवताना दातेरी चाकासारखे अडके लागले. अंगठा-तर्जनी भराभर टेकवायला सांगितल्यावर सातव्या-आठव्या वेळी बोटं उघडेनाशी झाली. नैराश्यात माणूस संथ होतो, पण त्याचं मनगट असं कडक होत नाही. ही चिन्हं पार्किन्सन्सची, म्हणजे हालचाल मंद आणि ताठर करणाऱ्या मेंदूच्या आजाराची, पण डोपामिन अडवणाऱ्या औषधानेही ती येतात.

मग सून सहज म्हणाली, की आई बचत गटाच्या खजिनदार आहेत आणि बँकेत सही जुळत नाही. गावाहून वहीचा फोटो मागवला. फेब्रुवारीतली सही रकान्याबाहेर गेलेली, जूनमधली अर्ध्यावर, सप्टेंबरमधली मुंग्यांच्या रांगेएवढी. कॅप्सूल फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाली होती. इतका स्पष्ट, तारीखवार पुरावा क्वचित हाती लागतो.

तरीही उदासी सरसकट हालचालीच्या खात्यात टाकणं बरोबर नव्हतं. मुलाला बाहेर बसवून आक्कांना थेट विचारलं, "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" असं विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग मान नकारार्थी हलवली. मुलाला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. रक्तात बी-१२ निघालं मिलिलिटरमागे १४८ पिकोग्रॅम. २०० च्या खाली कमतरता धरतात. माळकरी घर, मांस-अंडी नाही. त्यात मेटफॉर्मिननेही बी-१२ कमी होतं, आणि आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ नीट सुटंही होत नाही. ही कमतरताही मन खचवते, हातापायांना मुंग्या आणते. पित्ताच्या नुसत्या गोळीचा नैराश्याशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, पण कारण तीच असं त्यातून सिद्ध होत नाही. छातीत रोज जळजळ आणि रात्रीची झोपमोड असलेला माणूस तसाही खचतो.

ती कॅप्सूल त्याच दिवशी बंद केली. जागी साधं पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅ, न्याहारीआधी अर्धा तास, चार आठवडे. बी-१२ ची १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं आठवड्यातून तीनदा, दोन आठवडे. एस्सिटालोप्राम मनाने थांबवू नका, असं बजावून मानसोपचारतज्ज्ञांना पत्र दिलं. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, आणि उशीकडचे पलंगाचे पाय विटांवर. शेवभाजी आणि भरीत बंद करा असं सांगितलं नाही. खानदेशात ते कोणी पाळत नाही. रात्रीऐवजी दुपारी खा म्हटलं, ते पाळलं गेलं.

पाचव्या आठवड्यात पॅन्टोप्राझोल २० वर आणलं, पुढे एक दिवसाआड. तिथे जळजळ उसळली. गोळी कमी झाली की जठर काही दिवस जास्तच आम्ल सोडतं, आणि लोक नेमके इथेच घाबरून जुनी स्ट्रिप शोधतात. जेवणानंतर १० मिली अँटासिड देऊन पंधरा दिवस काढले.

सहाव्या आठवड्यात आक्का आपणहून बोलल्या. तिसऱ्या महिन्यात वहीचा नवा फोटो आला, सही रकान्याच्या कडेला टेकली होती. उजव्या हाताचा ताठरपणा अजून थोडा आहे. औषधाने आलेला असेल तर उतरायला काही महिने लागतात. सहाव्या महिन्यानंतरही तो एकाच बाजूला राहिला, तर आतमध्ये मुळातच पार्किन्सन्स होता का, हे न्यूरॉलॉजिस्टकडून बघून घ्यायचं ठरलं आहे.