एकतीस शून्ये

शनिवार, रात्रीचे साडेदहा. ऑस्टिन.

लेकीकडे येऊन दोन महिने होत आले. आज जावई आणि नातू मला महामार्गापलीकडे, शहराच्या पूर्व भागातील डिश-फॉक मैदानावर घेऊन गेले. टेक्सास विद्यापीठाचा बेसबॉल संघ येथेच खेळतो. तीस वर्षे शालेय क्रिकेट सामन्यांचे गुणलेखन केलेल्या माणसाचा हात, समोर चेंडू आणि फळी दिसली की, आपोआप वही शोधू लागतो. जावयांना ते ठाऊक असावे, कारण त्यांनी दारातच एक कोरी नोंदवही आणि टोक केलेली पेन्सिल माझ्या हातात ठेवली.

सामना नऊ छोट्या डावांचा असतो; त्यातले पहिले तीन डाव मला काहीच नीट लिहिता आले नाही. मग नातवाने एक खूण शिकवली आणि मला तो सगळा कारभार एकदम आपला वाटू लागला. मारण्याजोगा चेंडू हुकला किंवा सोडून दिला की ती स्ट्राइक. फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद झाला की चौकटीत इंग्रजी 'के' काढायचा. मात्र शेवटच्या चेंडूवर त्याने फळी न फिरवता नुसते पाहत राहून स्ट्राइक घेतली असेल, तर तोच 'के' उलटा, आरशात दिसावा तसा काढायचा. निर्धाव षटकाची सहा टिंबे जोडून आम्ही वहीत 'एम' काढत असू, त्याची आठवण झाली. जे घडले त्याबरोबर ते कसे घडले हेही एका अक्षरात बसवण्याची हौस दोन्ही खेळांच्या गुणलेखकांना सारखीच आहे.

सामन्यापेक्षा माझ्या मनात जास्त घोळत राहिली ती मैदानाच्या नावातील दोन माणसे. परत येताना जावयांना विचारत होतो आणि जेवणानंतर मिळेल तेवढे वाचत बसलो. महाविद्यालयीन संघाला इतिहास असतो म्हणजे नेमके काय असते, हा प्रश्न मला शाळेपासून पडलेला आहे. आमच्याकडे मुले सातवी-आठवीत हाताशी येत, नववीत संघ उभा राही आणि दहावीची परीक्षा झाली की तोच संघ चार दिशांना पांगत असे. येथेही खेळाडू साधारण चार वर्षे राहतात. त्यातले चांगले तर त्याआधीच व्यावसायिक संघांकडे जातात. मग शंभर वर्षांहून अधिक काळ जो 'संघ' म्हणून ओळखला जातो, तो कोणाच्या अंगाखांद्यावर जगतो?

टेक्सासपुरते उत्तर मला तीन माणसांत सापडले. १९११ साली बिली डिश प्रशिक्षक झाले आणि १९३९ पर्यंत राहिले. त्यांच्या हाताखाली खेळलेले बिब फॉक १९४० मध्ये त्यांच्या जागी आले आणि १९६७ पर्यंत राहिले. फॉक यांच्या हाताखाली खेळलेले क्लिफ गुस्ताफसन १९६८ मध्ये आले आणि १९९६ पर्यंत राहिले. दुसऱ्या महायुद्धाची तीन वर्षे सोडली, तर ८६ हंगामांत तीनच गुरुजी, आणि प्रत्येक जण आधीच्याचा शिष्य. आपल्याकडे गायकीच्या घराण्यांबद्दल हे ऐकले होते. एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात ते पाहायला मिळेल असे वाटले नव्हते.

फॉक हे याच ऑस्टिनचे. विद्यापीठातून ते थेट शिकागो व्हाइट सॉक्समध्ये गेले. १९१९ च्या अंतिम मालिकेत पैसे घेऊन हरल्याच्या आरोपावरून त्या संघातील सात खेळाडू १९२० मध्ये निलंबित झाले, त्यांत डाव्या बाजूचा क्षेत्ररक्षक जो जॅक्सन होता. त्याची रिकामी झालेली जागा या तरुणाला मिळाली. इतक्या मोठ्या खेळाडूच्या आणि इतक्या मोठ्या बदनामीच्या जागी पाय रोवून उभे राहायचे, आणि कारकिर्दीची फलंदाजीची सरासरी .३१४, म्हणजे दर हजार संधींत ३१४ यशस्वी फटके, अशी ठेवायची, ही साधी गोष्ट नव्हे. असा माणूस परत येऊन विद्यार्थ्यांना शिकवत पंचवीस हंगाम काढतो, याचे मला फार मोल वाटते.

माणसांइतकेच जुने मैदानही या कथेत आहे. १९२८ ते १९७४ हा संघ क्लार्क फील्डवर खेळत असे. त्या मैदानाच्या सीमेच्या आत, डाव्या-मधल्या बाजूला, चुनखडकाचा एक उंचवटा होता. त्याला 'बिली गोट हिल' म्हणजे बोकडाची टेकडी म्हणत. चेंडू टेकडीवर गेला की क्षेत्ररक्षकाने खडकातील पायवाटेने धावत वर चढायचे आणि तेथून फेकायचे. खाली उभे राहावे तर वर पडलेला चेंडू हातचा जातो, वर उभे राहावे तर पुढे टप्पा पडलेला चेंडू उचलायला उशीर होतो. घरच्या मुलांना ती पायवाट पायाखालची झालेली असे. पाहुणे मात्र खडकाकडे पाहत राहत. आमच्या तालुक्याच्या मैदानात लाँगऑनला पिंपळाचा पार होता आणि चेंडू पारावर गेला की किती धावा द्यायच्या यावर दरवर्षी नवा वाद होई. मैदानाची खोड सपाट न करता ती अंगवळणी पाडून घेणे हे शिक्षणच आहे, असे मला तेव्हाही वाटे. आता त्या टेकडीच्या जागी विद्यापीठाचे संगीत-नाट्यगृह आहे. खडक जपायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

फॉक यांच्या संघाने १९४९ मध्ये कॅन्ससमधील विचिटा येथे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. पुढच्याच वर्षी स्पर्धा नेब्रास्कातील ओमाहाला गेली, जी आजही तेथेच भरते, आणि टेक्सासने अजिंक्यपद राखले. लागोपाठ दोनदा जिंकणारा हा पहिला संघ. त्या १९५० च्या स्पर्धेत जिम एर्लर या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, टफ्ट्स विद्यापीठाला एकही हिट, म्हणजे फलंदाजाला सुखरूप तळावर पोचवणारा फटका, मिळू दिली नाही. या स्पर्धेत असे प्रथमच घडले.

पण १९५० चा जून वाचताना मी एका जागी थांबलो. त्याच महिन्याच्या ५ तारखेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ह्यूस्टनचे टपालवाहक हेमन स्वेट यांच्या बाजूने निकाल दिला. ते कृष्णवर्णीय असल्यामुळे याच विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने त्यांना प्रवेश नाकारला होता, आणि चार वर्षे ते लढत होते. संघ ओमाहात विजयाचा करंडक उचलत होता तेव्हा त्याच विद्यापीठाचे दार न्यायालयाने नुकतेच उघडायला लावले होते, आणि तेही केवळ वरच्या वर्गांपुरते. पदवीच्या वर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळायला १९५६ उजाडले. म्हणजे ऑस्टिनमधलीच कितीतरी मुले त्या टेकडीवर चढायला पायाने समर्थ असूनही कधी चढू शकली नाहीत. त्या संघाचे कौतुक मी कमी करणार नाही, परंतु वहीत ही नोंद त्या करंडकाच्या शेजारीच असली पाहिजे. माझ्या नातवाला मी आज दोन्ही गोष्टी एकत्रच सांगितल्या. तो बराच वेळ काही बोलला नाही.

गुस्ताफसन आधी सॅन अँटोनिओच्या एका शाळेत शिकवत आणि त्या शाळेच्या संघाला त्यांनी राज्यविजेतेपदे मिळवून दिली होती. शाळामास्तर म्हणून मला याचा अभिमान वाटतो, तो लपवत नाही. १९७५ मध्ये आजचे मैदान सुरू झाले आणि त्याच वर्षी त्यांनी अजिंक्यपद आणले. दुसरे १९८३ मध्ये, अंतिम सामन्यात अलाबामाविरुद्ध ४-३, पिचर रॉजर क्लेमेन्स. पुढे ऑगी गॅरिडो कॅलिफोर्नियातून आले. ते या घराण्यातले नव्हते, तरी २००२ आणि २००५ ची अजिंक्यपदे त्यांचीच. अशी एकूण सहा. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची बारा आहेत हे खरे. पण ओमाहाच्या स्पर्धेपर्यंत पोचण्याचा मान २०२२ पर्यंत टेक्सासला ३८ वेळा मिळाला, आणि तितक्या वेळा दुसरे कोणतेही विद्यापीठ तेथे पोचलेले नाही.

आणि मग ३० मे २००९ ची रात्र. जावई त्या वेळी येथे विद्यार्थी होते आणि प्रेक्षकांत होते. बॉस्टन कॉलेजविरुद्धचा सामना, याच मैदानावर. बेसबॉलमध्ये नऊ डावांनंतर बरोबरी असली तर अनिर्णित म्हणून सोडत नाहीत, निकाल लागेपर्यंत खेळतात. नऊ डावांनंतर २-२ होते. सामना संपला पंचविसाव्या डावात, सात तास तीन मिनिटांनी, रात्री एक वाजून गेल्यावर. महाविद्यालयीन बेसबॉलच्या इतिहासातील हा सर्वांत लांबलेला सामना. "भूक लागली होती, पण उठावे असे वाटेना," एवढेच जावई म्हणाले.

त्या रात्री टेक्सासचा ऑस्टिन वुड सातव्या डावात चेंडू टाकायला आला आणि तेरा डाव टाकत राहिला. १६९ चेंडू, त्यांत एकही धाव नाही, आणि बारापेक्षा अधिक डाव एकही हिट नाही. समोर बॉस्टनचा मायकेल बेल्फिओरे, जो एरवी शेवटचा एखादा डाव सांभाळायचा, त्याने साडेनऊहून जास्त डाव एकही धाव दिली नाही. एरवी पिचरचे शंभर चेंडू झाले की प्रशिक्षकाची नजर त्याच्या खांद्याकडे जाते. वुडने तर आदल्या दिवशीही चेंडू टाकले होते. त्याला इतका वेळ ठेवायला नको होते, असे माझे मत आहे. विद्यार्थ्याचा खांदा हा प्रशिक्षकाकडे ठेवलेली ठेव असतो. वुडने स्वतः 'मी थकलो' म्हटले नसेल हे मला कळते; त्या वयाची मुले म्हणत नाहीत, म्हणून तर मोठ्यांनी म्हणायचे असते. तरीही त्याचा तो रकाना डोळ्यांपुढे आणला की हात जोडावेसे वाटतात.

सगळे निजले आहेत. मी जेवणाच्या टेबलावर आजच्याच नोंदवहीची मधली दोन पाने घेऊन बसलो आहे. वहीत बाराच डावांचे रकाने छापलेले आहेत, म्हणून दोन्ही पानांवर पट्टीने रेघा मारून पंचवीस केले. टेक्सासला त्या दिवशी आपल्याच मैदानावर पाहुणा संघ म्हणून आधी फलंदाजी होती, तेव्हा त्यांचे नाव वर, बॉस्टनचे खाली. नऊ डावांचा तपशील उद्या जावयांना विचारून भरीन. दहाव्यापासून चोविसाव्यापर्यंत पंधरा डाव, वर पंधरा शून्ये, खाली पंधरा. पेन्सिल दोनदा टोकावी लागली. पंचविसाव्यात वर १, ट्रॅव्हिस टकरच्या फटक्यावर आलेली धाव. त्याखालची बॉस्टनची चौकट अजून रिकामी आहे. ते एकतिसावे शून्य सकाळी नातवाकडून काढून घेणार आहे.