शांततेची हमाली

दस्तुरी नाक्याच्या पुढे माथेरानला मोटार जात नाही, हे घरून निघतानाच ठाऊक असतं. तरी टॅक्सीवाल्यानं बॅगा खाली ठेवल्या की 'आता काय?' असा चेहरा होतोच. लगेच घोडेवाले आणि हमाल गराडा घालतात. बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर लांब आणि वाट तांबड्या मातीची. जांभ्याची ती धूळ मोज्यांत शिरली की दोन धुण्यांत तरी हटत नाही.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढून आला आणि मुंबईच्या साहेबलोकांची उन्हाळ्याची सोय झाली. धनगर, ठाकर, कातकरी इथे आधीपासून होतेच. पण शोधाचं श्रेय साहेबाला, आणि कड्यांना नावं लुईझा, अलेक्झांडर, पॅनोरमा! १९०७ साली मुंबईच्या पीरभॉय या व्यापारी घराण्यातल्या मंडळींनी नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर आणली. एकवीसेक किलोमीटरच्या वाटेत बोगदा एकच, बाकी सगळी वळणंच वळणं. डोंगराशी हुज्जत न घालता वर कसं जावं, ते त्या गाडीकडून शिकावं.

वर पोचलं की जो तो म्हणतो, 'काय शांत आहे हो!' मीही म्हणतो. हॉर्न नाही, धूर नाही. पण हॉटेलातला गॅस सिलिंडर घोड्याच्या पाठीवरून आलेला असतो, आणि आपली चाकांची बॅग एखादी बाई डोक्यावर घेऊन आपल्यापुढे झपाझप चालत असते. या शांततेची हमाली कुणीतरी करतं, आपण फक्त भाडं देतो आणि त्यातही घासाघीस करतो.

हातरिक्षा उतारावर पाहायला हवी होती. पुढचा माणूस दांडी छातीशी धरून मागे रेलायचा, टाचा खडीत रुतायच्या, मागचे दोघं गाडी ओढून धरायचे. आतले गृहस्थ मोबाइलवर रेंज शोधत असायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या रिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. खरं तर हे फार आधी व्हायला हवं होतं.

ई-रिक्षा आल्यानं माथेरानची मजा गेली म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी एकदा स्वतःची बॅग डोक्यावर घेऊन दस्तुरीहून लुईझा पॉइंट गाठावा, मग मजेबद्दल बोलू. घोडेवाल्यांचं म्हणणं मात्र असं उडवून लावता येत नाही. त्यांचं पोट त्या चार पायांवर आहे, आणि वाटेवर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवरून घोडा घसरतो ही त्यांची जुनी तक्रार आहे. रिक्षा जरूर धावू द्या. पण घोड्याच्या टापेखाली मातीच हवी, आणि वाट आखताना आधी घोडेवाल्याला विचारायला हवं.